नवा विचार आधी कोणी करायचा?



सरकारी प्रशिक्षण असो, एखाद्या संस्थेची कार्यशाळा असो, नाहीतर कंपनीच्या पैशातून चाललेला ग्रामविकासाचा प्रकल्प असो, एक वाक्य ठरलेलं असतं. ग्रामीण स्त्रीची, त्यातून आदिवासी स्त्रीची, मानसिकता बदलली पाहिजे. तिनं जुनं सोडावं, नवं शिकावं, चौकटीबाहेर विचार करावा. हे सांगणारा (बहुतेक वेळा सांगणाराच असतो) स्वतः वर्षानुवर्षं त्याच चार तक्त्यांवर तेच भाषण करत असतो. आणि समोर बसलेली बाई? विहिरीनं तळ गाठला की ती झऱ्यावर जाते, झरा आटला की नदीच्या डोहावर. नागली-वरई पुरत नाही म्हणून दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन द्राक्षाच्या बागेत जाते, तिथे नवं काम, नवा मुकादम, नवी भाषा. पावसाळ्याच्या तोंडावर परत येऊन भाताची आवणी करते. एका वर्षात तिनं जगण्याची रीत किती वेळा बदलली ते मोजा, आणि मग ठरवा की चौकटीत अडकलंय कोण.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्याला खीळ बसते ती पाड्यावर फारशी नाही. ती बसते इस्टिमेट करणाऱ्याच्या टेबलावर, योजनेच्या छापील फॉर्मात आणि आपल्या संघटनांच्या बैठकीतसुद्धा. हे नुसतं म्हणून भागणार नाही. म्हणून हरसूलकडे येते.

नाशिक जिल्ह्यातलं हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे. एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाडा, पुढे गुजरात. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. पाऊस म्हणाल तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. मराठवाड्यातल्या मैत्रिणींना हे ऐकून हेवा वाटेल. पण खाली काळा पाषाण, उतार तीव्र, पाणी मुरायला जागाच नाही. आषाढ-श्रावणात कोसळलेलं पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेला निघून जातं आणि फाल्गुनापासून डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी अशी रांग सुरू होते. 'दुष्काळी भाग' या शब्दाच्या सरकारी व्याख्येत हा भाग बसत नाही, कारण व्याख्या पावसावरून केलेली आहे. बाईच्या खेपांवरून केली असती तर केव्हाच बसला असता.

याच भागात खरशेत ग्रामपंचायतीचा शेंद्रीपाडा आहे. पाड्याजवळून तास नदी खोल घळीतून वाहते. त्या घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून डोक्यावर हंडे घेऊन बायका चालतात, असं छायाचित्र वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर सगळीकडे पोचलं. तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली, यंत्रणा हलली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल उभा राहिला. वर्षानुवर्षं न झालेलं काम थोड्या दिवसांत झालं, याचं श्रेय द्यायला हवं. आणि जुलै २०२२ च्या पुरात पूल वाहून गेला. बायका पुन्हा लाकडावरून चालू लागल्या.

त्यानंतर जी चर्चा झाली ती सगळी पुढाऱ्यांची होती. पूल कुणी बांधला, कुणाच्या काळात गेला, आता कोण बांधणार. सरकार मध्येच बदललं होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना आयता मुद्दा मिळाला. मला विचारायचं आहे ते वेगळंच. तास नदी पावसाळ्यात कुठल्या दगडापर्यंत चढते, कुठल्या बाजूनं ओंडके वाहून आणते, पाणी वाढायला लागलं की किती वेळ हातात राहतो, ही माहिती कुणापाशी असते? जी रोज ती नदी ओलांडते तिच्यापाशी. शाखा अभियंत्यापाशी पुलाचं गणित असतं, लोखंडाचा भाव असतो, नदीचं ते वागणं नसतं. त्याला दोष नाही, तो तिथे राहत नाही. पण ही माहिती पुलाच्या नकाशात कुठल्या रकान्यात लिहितात? रकानाच नाही. पूल पहिल्याच पावसाळ्यात गेला, तेव्हा ज्यानं त्यानं काय ते समजावं.

बरं, पूल टिकला असता तरी काय झालं असतं? बाई सुरक्षितपणे पाणी आणू शकली असती. म्हणजे पाणी तिनंच आणायचं, हे गृहीत धरूनच प्रश्न मांडला गेला. छायाचित्रात बल्ली दिसली म्हणून उत्तर पूल निघालं. हंडाही त्याच छायाचित्रात होता.

सरकारी मोजमापांची गंमत बघा. पूर्वीच्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमाच्या निकषानुसार मैदानी भागात १.६ किलोमीटरच्या आत आणि डोंगरी भागात १०० मीटर उंचीच्या फरकात पाण्याचं ठिकाण असलं, की ती वस्ती 'पाणी मिळालेली' धरली जाई. १०० मीटर म्हणजे तीस मजली इमारत. रिकामा हंडा घेऊन तीस मजले उतरायचे आणि भरलेला घेऊन तेवढेच चढायचे, ही शासनाच्या लेखी समस्या नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं. प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर असं त्याचं वचन. हा विचार नक्कीच पुढचा आहे. पण तो हंड्यात मोजून पाहू. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा-एकोणीस हंडे. एका खेपेला दोन हंडे आणले तर नऊ-दहा खेपा, आणि खेपेला तास धरला की दिवस संपला. ज्या पाड्यावर नळाची तोटी बसते पण खालचा उद्भव मार्चमध्ये आटतो, तिथे कागदावर ५५ लिटर आणि चुंबळीवर हे गणित, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. तोटी बसल्याची नोंद होते. तोटी कोरडी राहिल्याचे दिवस मोजायला कुणी येत नाही.

प्रश्न कुणाच्या तोंडून निघतो, यावर त्याला वजन मिळतं. २०२२ च्या उन्हाळ्यात सुरगाणा तालुक्यातल्या दांडीची बारी या गावाची बातमी देशभर गाजली. पाण्यासाठी एवढी वणवण करावी लागते म्हणून या गावात नव्या सुना टिकत नाहीत, मुलांना मुली मिळत नाहीत, अशी ती बातमी. वाचणारे हळहळले. मला त्या हळहळीचा राग आला. पिढ्यान् पिढ्या बायकांच्या माना आणि गुडघे झिजले, गरोदरपणी त्या घाट चढल्या, मुलींच्या शाळा सुटल्या, तेव्हा ही बातमी नव्हती. पोरांची लग्नं अडली तेव्हा ती झाली. ज्या मुलीनं सासरच्या त्या विहिरीकडे बघून माहेरची वाट धरली, तिनं खरं तर त्या गावात सगळ्यात नवा विचार केला होता. तिच्याकडे 'पळून गेलेली नवरी' म्हणून पाहिलं गेलं. आपल्या मासिकांनी तरी तिच्याकडे बहिष्कार टाकणारी म्हणून पाहायला हरकत नाही.

सरकारच्या घरी नव्या विचाराला तोटा आहे असं मात्र नाही. याच दमणगंगेचं पाणी मुंबईला नेण्याची दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजना मांडली गेली. त्यातलं भुगड धरण त्र्यंबकेश्वर तालुक्यात आणि खारगीहिल जव्हार तालुक्यात. बोगदे, कालवे, हजारो कोटींचे आकडे, सगळं चौकटीबाहेरचं. डोंगरावरून डोंगरात पाणी नेण्याची कल्पना मुंबईसाठी सुचते आणि खालच्या डोहातलं पाणी वरच्या पाड्यावर चढवण्याची बात निघाली की निधी, उद्भव आणि वीजबिल आडवं येतं. नव्या विचारालाही जात-वर्ग असतात, तो कुणासाठी करायचा हे आधी ठरलेलं असतं.

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्यांना झोडपणं सोपं, आणि या मासिकाच्या वाचक बहुतेक कार्यकर्त्या आहेत म्हणून हा भाग जास्त महत्त्वाचा.

१९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दोघांनी ९० लिटरचं गडगडत नेता येणारं पिंप तयार केलं. दांडा धरून ढकलायचं किंवा ओढायचं, डोक्यावर काही नाही. आपल्याकडेही तसली ४५ लिटरची पिंपं आली, संस्थांनी आदिवासी भागांत वाटली. यावर आपल्या वर्तुळात दोन ठाम मतं आढळतात. एक मत असं की ही शोभेची दानधर्मगिरी आहे. पाणी भरणं बाईचंच काम, हे त्यातून पक्कं होतं. रचना बदलत नाही, फक्त ओझं सुसह्य होतं, म्हणून आपण त्यात पडू नये. दुसरं मत वाटप करणाऱ्यांचं. पिंप दिलं, फोटो काढला, प्रश्न सुटला.

मॅक्सिन मॉलिन्यू यांनी १९८५ मध्ये निकारागुआतल्या क्रांतीनंतरच्या बायकांबद्दल लिहिताना बायकांच्या रोजच्या व्यावहारिक हितांमध्ये आणि सत्तेचं नातं बदलणाऱ्या दूरगामी हितांमध्ये फरक केला. तो फरक पुढे प्रत्येक स्त्री-अभ्यास शिबिरात फळ्यावर दोन रकान्यांत आला. डावीकडे पाणी, सरपण, रेशन. उजवीकडे हक्क, सत्ता, मालमत्ता. विचार करायला मदत व्हावी म्हणून काढलेली रेघ आपण भिंतीसारखी वापरू लागलो. उजव्या रकान्यातलं काम म्हणजे चळवळ आणि डावीकडचं म्हणजे समाजसेवा, असा सोवळेपणा आला.

ज्या बाईचे रोज चार तास पाण्यात जातात तिचे दोन तास वाचले, तर ते दोन तास कुठल्या रकान्यात घालायचे? त्या वेळात ती झोपेल, मुलीचं डोकं विंचरेल किंवा ग्रामसभेला जाईल, ते तिचं ती ठरवेल. शिवाय एक गोष्ट सगळ्याच जणींनी पाहिली असेल. पाणी डोक्यावर असतं तोवर ते बाईचं काम असतं. ते सायकलला कॅन लटकवून किंवा मोटरसायकलवरून येऊ लागलं, की घरातला मुलगा आणि नवराही आणू लागतो. चाक आलं की पुरुषाची लाज जाते! यात हसण्यासारखं आहे, पण यात एक फटही आहे आणि तिच्यातून आत शिरता येतं. पिंपाला तत्त्व म्हणून नकार देणाऱ्या मैत्रिणी ती फट बुजवतात.

आणि तरीही शेंद्रीपाड्यासारख्या घळीत चाकाचं पिंप काय कामाचं? तो उतार चाकाचा नाहीच. तिथे कदाचित सौर पंप लागेल, कदाचित वरच्या अंगाचा झरा बांधून उतारानं पाणी आणता येईल, कदाचित पावसाळा संपता संपता गोणपाटात माती-वाळू भरून वनराई बंधारे घालावे लागतील. एका पाड्याचं उत्तर शेजारच्या पाड्याला लागू पडत नाही, इतका हा भाग उंचसखल आहे. म्हणून 'आमच्या संघटनेचं मॉडेल' हा शब्द हरसूल भागात घेऊन जाऊ नये, असं मला वाटतं.

आपल्याजवळची हत्यारं तरी किती उरली आहेत बघा. मोर्चा, निवेदन, शिबिर, बचतगट. प्रश्न कोणताही असो, या चारांतलं एक. दारू? मोर्चा. पाणी? निवेदन. मारहाण? शिबिर. गरिबी? बचतगट. ही चारही हत्यारं एके काळी अगदी ताजी होती, हे आपण विसरलो. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी महागाईविरोधात लाटणं रस्त्यावर आणलं. स्वयंपाकघरातली वस्तू राजकारणात आणणं हा त्या वेळी केवढा धाडसी विचार होता! वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र आल्या होत्या, त्याचंही अप्रूप होतं. आज लाटणं छायाचित्रकारासाठी निघतं. त्याच सुमारास शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली ती हडपलेल्या जमिनी आणि शेतमजुरी यांच्या प्रश्नावर. भिल्ल बायकांनी त्यात दारूचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न आणून ठेवला, गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. संघटनेला तो घ्यावा लागला. नवा विचार आला तो अभ्यासवर्गातून नव्हे, ज्यांना शिकवायला निघाले होते त्यांच्याकडून.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण अधिक बोचरं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. शेतकरी बायका प्रचंड संख्येनं आल्या. त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती' निघाली, नवऱ्यानं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची मोहीम. डाव्या विचाराच्या पुष्कळजणींनी तिच्याकडे संशयानं पाहिलं, कारण शरद जोशींचं खुल्या बाजाराचं अर्थकारण त्यांना मान्य नव्हतं. मलाही ते मान्य नाही. पण बाईच्या नावावर सातबारा होणं ही गोष्ट कुणी सुचवली यावर तिचं खरेखोटेपण ठरवायचं का? पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यानं दाव्याचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद केली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत किसान सभेच्या मोर्चात ज्या आदिवासी बायका अनवाणी चालल्या, त्या याच वनपट्ट्यांसाठी. जमिनीवर बाईचं नाव हा विचार आपल्याकडे तीन वेगळ्या दारांनी आला आणि पहिल्या दाराशी आपण कडी लावून उभ्या होतो.

मोकळं राहायचं म्हणजे आपल्याला न आवडणारं उत्तरही ऐकायचं. पाड्यावरच्या बायकांना खरोखर विचारलंत तर त्या कदाचित म्हणतील की पाणी नंतर बघू, आधी रस्ता द्या. कारण पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत न्यावं लागतं आणि पाणी निदान रोज डोक्यावर येतं तरी. आश्रमशाळेत शिकलेल्या मुली कदाचित म्हणतील की आम्हाला नागलीही नको, बचतगटही नको, नाशिकला राहण्याची सोय करा. निसर्गाशी एकरूप आदिवासी संस्कृतीवर लेख लिहिणाऱ्या आपल्यातल्या काहीजणींना ते रुचणार नाही. न रुचो.

विचारायचं तर कधी आणि कुठे, याचं उत्तर कायद्यात आहे, पण कॅलेंडरनं त्याची माती केली आहे. पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रात योजनांना ग्रामसभेची मान्यता हवी, असं तो सांगतो. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. त्यांनुसार एखादा पाडा ठराव करून स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करवून घेऊ शकतो, म्हणजे पाड्याची ग्रामसभा पाड्याचीच. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अबंध म्हणून पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागला. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूदही आहे. कागदावर यापेक्षा मोकळी जागा कुठली?

पण ग्रामसभा भरते कधी? रिवाजानं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जानेवारीत हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या कष्टकरी बायका दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत असतात. सभेला उरतात म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या. मे महिन्यात कितीजणी अजून बाहेरच्या मजुरीवरून परतलेल्या नसतात. १५ ऑगस्टला पाऊस धो-धो पडत असतो, नदी दुथडी भरलेली, तेव्हा पाणीटंचाईचा विषय काढणारी वेडी ठरते. २ ऑक्टोबरला द्राक्षछाटणीच्या कामावर मुकादम बोलवायला लागतात. टंचाईच्या दिवसांत टंचाई सोसणारी बाई सभेत नसते आणि ती सभेत असते त्या दिवशी टंचाई नसते. हे कुणी कट करून ठरवलेलं नाही. कुणी विचारच केला नाही, एवढंच.

कायदा एवढंच म्हणतो की वर्षातून किमान चार सभा झाल्या पाहिजेत. त्या चारच असाव्यात किंवा याच तारखांना असाव्यात, असं त्यात नाही. मग महिला सभा मार्चमध्ये विहिरीच्या काठावर का घेऊ नये, पाणी झिरपून हंडा भरेपर्यंत बायका तिथे थांबलेल्याच असतात तेव्हा? ग्रामसेवकानं प्रोसिडिंग बुक घेऊन तिथे यावं. जानेवारीची सभा निफाडच्या एखाद्या बागेत, मजुरांच्या झोपड्यांपाशी, रात्री जेवणं आटोपल्यावर का भरवू नये? ग्रामसभेची हद्द गावातच असली पाहिजे असं बीडीओ म्हणतील. म्हणू देत. तिथे झालेली चर्चा लिहून घ्यावी, सह्या-अंगठे घ्यावेत, आणि फेब्रुवारीत विशेष सभा बोलावून तोच कागद तिथे ठराव म्हणून ठेवावा. ज्या संघटनांचं काम द्राक्षपट्ट्यात आहे त्यांची आणि ज्यांचं पाड्यांवर आहे त्यांची यासाठी गाठ पडली पाहिजे. एकाच बाईचे सहा महिने एका संघटनेकडे आणि सहा महिने दुसरीकडे, आणि दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, अशी स्थिती आहे.

इस्टिमेटच्या कागदावर एक रकाना वाढवून घेणं हे दुसरं काम. पूल असो, विहीर असो, टाकी असो, जागा आणि उंची ठरवण्याआधी महिला सभेनं काय सांगितलं ते तिथे लिहिलं पाहिजे आणि ते मानलं नसेल तर का मानलं नाही तेही. सही शाखा अभियंत्याची. हा ठराव एका ग्रामपंचायतीनं केला तरी पुढच्या पुलाच्या वेळी दाखवायला कागद होईल.

द्राक्षपट्ट्यात काम करणाऱ्या मैत्रिणींनी आपापल्या भागातल्या बागांवर हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या कुठल्या पाड्यांच्या टोळ्या उतरतात ते छाटणीच्या हंगामात विचारून ठेवावं आणि या पत्त्यावर कळवावं. पाड्यांवरच्या कार्यकर्त्यांनी सध्या पाणी कुठून येतं, ते कुठल्या महिन्यात आटतं आणि वाटेत चढ किती आहे ते बायकांकडूनच विचारून लिहावं. यादी जुळली की पहिली रात्रीची सभा कुठे घ्यायची ते ठरवता येईल.